समावेशित शिक्षण (भारत)

दिव्यांग मुलांनी इतर मुलांबरोबर एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकावे आणि त्यासाठी शाळेने आपली इमारत, पुस्तके, शिकवण्याची रीत व परीक्षा यांत लागेल तो बदल करावा, अशी शिक्षणव्यवस्था म्हणजे समावेशित शिक्षण. या व्याख्येचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मूल वर्गात आणून बसवले, पण त्याला फळा दिसत नाही किंवा बाई काय बोलतात ते ऐकू येत नाही, तर त्याची फक्त हजेरी लागते. भारतातील धोरण प्रवेशापासून सुरू झाले आणि प्रत्यक्ष शिकण्यापर्यंत फार सावकाश पोहोचत आहे.

पूर्वपीठिका

देशातील पहिल्या विशेष शाळा, म्हणजे फक्त दिव्यांग मुलांसाठीच्या शाळा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः मिशनरी आणि दानशूर मंडळींच्या प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. कर्णबधिर मुलांसाठी मुंबईत १८८०च्या दशकात, तर अंध मुलांसाठी अमृतसर येथे १८८७ मध्ये शाळा निघाली. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची आहे. या शाळांनी फार मोठे काम केले. मात्र त्यांच्यामुळे अशा मुलांचे शिक्षण हा दयाबुद्धीचा, शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, अशी समजूतही रुजली आणि ती दीर्घकाळ टिकली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) या मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांतच शिकवावे, अशी शिफारस केली. १९७४ मध्ये केंद्राने त्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. ती आधी समाजकल्याण खात्याकडे होती आणि १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. खात्यांची ही विभागणी आजही पुरती मिटलेली नाही. महाराष्ट्रात सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा दीर्घकाळ सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग झाल्यावर त्या तिकडे गेल्या. एका प्रकारच्या शाळेतून दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पालकांना त्यामुळे दोन वेगवेगळ्या कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्याने शिस्त आली. परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

कायद्याची चौकट

१९९५च्या दिव्यांग व्यक्तींच्या कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली, पण त्याने सातच प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले होते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. यात प्रकारांची संख्या २१ झाली. स्वमग्नता (ऑटिझम), विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन वा गणित शिकताना येणारी अडचण), बहुविकलांगता यांच्याबरोबर सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही त्यात आले. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यासाठी सिकलसेलचा हा समावेश फार मोलाचा आहे. हे मूल पाहणाऱ्याला धडधाकट वाटते. मग वेदनेचा झटका आल्याने बुडलेली शाळा त्याच्या आळसाच्या खात्यावर जमा होते.

कायद्याच्या कलम १६ प्रमाणे कोणत्याही सरकारी वा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलाशी भेदभाव न करता त्याला प्रवेश द्यायचा आहे. कलम १७ मध्ये शासनाच्या जबाबदाऱ्या आहेत : दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण, ब्रेल व सांकेतिक भाषा येणारे शिक्षक, १८ वर्षांपर्यंत मोफत पुस्तके व साधने, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. जन्मापासून कोणतीच बोली कानावर न पडलेल्या मुलाने तीन भाषांचे पेपर द्यावेत, ही अपेक्षा किती क्रूर होती, हे या शेवटच्या तरतुदीवरून ध्यानात येते.

लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक नोंद असलेल्या मुलाला कलम ३१ नुसार ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, ही निवडही त्याची आहे. उच्च शिक्षणात शासकीय व अनुदानित संस्थांनी अशा विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखायच्या असून कमाल वयात त्यांना ५ वर्षांची सवलत आहे.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) मुळात या मुलांचा विचार अपुरा होता. २०१२च्या दुरुस्तीने त्यांना वंचित गटात घेतले. त्यामुळे खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांची वाट त्यांना खुली झाली, आणि तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. या पर्यायाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी तो वरदान आहे. पण रॅम्प बांधायचे टाळणाऱ्या शाळेला तीच पळवाट होऊ शकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने २०१६च्या कायद्यातील शिक्षणविषयक तरतुदी स्वीकारल्या, भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे ठरवले आणि शाळासमूहांच्या पातळीवर साधन केंद्रांचा आग्रह धरला.

परीक्षा आणि लेखनिक

दिव्यांग विद्यार्थ्यांचा सर्वाधिक झगडा परीक्षेशी झाला आहे. ज्याला स्वतः लिहिता येत नाही त्याच्या तोंडून ऐकून उत्तरे लिहिणारी व्यक्ती म्हणजे लेखनिक. लेखनिक कोण असावा, त्याचे शिक्षण किती असावे, तो कोणी आणावा, हे प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत आहेत. केंद्राच्या २०१३च्या सूचनांनी लेखनिकाच्या शिक्षणाची अट काढली होती. २०१८च्या सूचनांनी उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणात त्याच्याहून एक पायरी खाली असावा, असे ठरवले. भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. हा वेळ सवलत म्हणून मोजणे चुकीचे आहे. उत्तर सांगायचे, ते नीट लिहिले गेले का हे विचारायचे, आकृती शब्दांत समजावायची, यात जो वेळ जातो तोच फक्त भरून मिळतो.

या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा निकाल ११ फेब्रुवारी २०२१ चा आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. ती लेखनिकाला लावता येणार नाही. वाजवी सोय, म्हणजे गरजेप्रमाणे करून दिलेला योग्य तो बदल, हा समानतेच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालील, पण लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने अध्ययन अक्षम मुलांना दहावी-बारावीत सवलती देण्यास १९९०च्या दशकातच सुरुवात केली. देशात हे पाऊल खूप आधी पडले, आणि त्यामागे पालकांची व डॉक्टरांची चिकाटी होती. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, अशा सवलती त्यात येतात. त्यासाठी प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव लागतो. तो दहावीच्या वर्षी घाईत करण्यापेक्षा आठवी-नववीतच सुरू करणे शहाणपणाचे. तपासणीच्या तारखा लांबच्या मिळतात.

साधने आणि योजना

२०१८ पासून पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतचा शालेय खर्च समग्र शिक्षा योजनेतून होतो. तीत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद असून मुलींना त्याखेरीज दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता दहा महिने मिळतो. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, तपासणी शिबिरे, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या हे सारे याच चौकटीत बसते. चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करावी. नववीपासून पुढे केंद्राच्या मॅट्रिकपूर्व व मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत.

केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने (एनसीईआरटी) २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे अॅप काढले. वर्गशिक्षकाने मुलाचे निरीक्षण करून प्राथमिक नोंद करावी, यासाठी ते आहे. त्याच्या नोंदीला निदान समजू नये. पुढची तपासणी तज्ज्ञांकडूनच होते. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) स्वावलंबन पोर्टलवरून मिळते.

वाचनाची स्थिती गेल्या दशकात खरोखर सुधारली. भारतातील लिपींसाठी १९५१ पासून एकच भारती ब्रेल वापरात आहे. ‘क’ मराठीत असो वा बंगालीत, ठिपके तेच. पण ब्रेल पुस्तके जाडजूड, महाग आणि उशिरा मिळणारी. २०१२च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने प्रकाशकाची परवानगी न घेता पुस्तक ब्रेल, ध्वनी वा डिजिटल रूपात आणण्याची मुभा दिली. अंध व्यक्तींना वाचता येतील अशा रूपात पुस्तके मिळावीत, यासाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मोबाइलवर पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मुलाला त्याच दिवशी पुस्तक मिळणे, ही त्याच्या आधीच्या पिढीला स्वप्नवत वाटणारी गोष्ट होती.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत चित्र मागे आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले, आणि एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांना सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्या या केंद्राच्या शैक्षणिक उपक्रमाची सांकेतिक भाषेची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. पण वर्गात सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक नसेल तर वाहिनी त्याची जागा घेऊ शकत नाही. वर्गात आपल्या भाषेत बोलणारे दुसरे कोणीच नसलेले कर्णबधिर मूल समावेशाच्या नावाखाली एकटे पडते. म्हणून अनेक कुटुंबे विचारपूर्वक विशेष शाळा निवडतात, आणि त्यांच्या निर्णयाला मागासलेपणा म्हणू नये.

विशेष शिक्षक

सगळी साधने असून शिकवणारा नसेल तर पेटी बंदच राहते. सर्वसाधारण शाळांत फिरत्या विशेष शिक्षकांनी काम करावे, अशी पद्धत दीर्घकाळ चालली. यांतील बहुतेकांनी वर्षानुवर्षे करारावर, तुटपुंज्या मानधनात काम केले. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ठरवण्यास सांगितले. त्यानुसार २०२२ मध्ये पहिली ते पाचवीसाठी १० दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण आले. पदे तरीही भरली जात नव्हती. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून जाहिरात काढण्याचे आदेश पुन्हा दिले.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रत्येक शाळा केंद्रासाठी (जवळपासच्या शाळांच्या गटासाठी) एक याप्रमाणे ४,८६० पदांचा निर्णय घेतला. करारावरील शिक्षकांना यातून स्थैर्य मिळण्याची वाट झाली, हे चांगलेच. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी येणाऱ्या शिक्षिकेने ब्रेलची पहिली अक्षरे शिकवायची, श्रवणयंत्र बिघडले असेल तर बघायचे, पालकांशी बोलायचे, आणि मधले दिवस वर्गशिक्षकाने कसे सांभाळायचे हे त्यालाही दाखवायचे. म्हणून वर्गशिक्षकाचे प्रशिक्षण विशेष शिक्षकाच्या नेमणुकीइतकेच निकडीचे आहे.

दाद कोठे मागावी

प्रवेश नाकारला, लेखनिक दिला नाही किंवा शाळेने मुलाला घरी बसवले, तर आधी मुख्याध्यापकांकडे आणि मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच जपून ठेवावी. त्यानंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. साक्षीदाराला बोलावण्यासारख्या काही बाबींत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार मराठीत, साध्या कागदावर चालते. वकील लागत नाही.