माल कुठून आला आणि माल कुठला

नवा व्यापार करार झाला की दर वेळी तेच ऐकू येतं: ‘आता तिकडून येणारा सगळा माल बिनड्युटीचा’, म्हणजे आयात शुल्काविना. नाही! असं म्हणणारा मुक्त व्यापार करार आणि सीमाशुल्क संघ यांची गल्लत करत असतो.

आपसातली ड्युटी दोन्हींत उतरते, ते ठाऊकच आहे. फरक बाहेरच्या मालापाशी पडतो. सीमाशुल्क संघात बाहेरच्या मालावर सगळ्यांची ड्युटी एकच असते. युरोपातल्या सहा देशांनी १९६८ मध्ये तसंच केलं. तोच आजच्या युरोपीय संघाचा पाया. चिनी पंख्याची ड्युटी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात एकदा भरली, की तो पुढे जर्मनीत जावो नाहीतर फ्रान्समध्ये, पुन्हा ड्युटी नाही.

मुक्त व्यापार करारात प्रत्येक देश बाहेरच्यांसाठी आपापली ड्युटी राखतो. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे. पण तोच चिनी पंखा दुबईत नुसता खोका बदलून न्हावाशेव्याला उतरवला, तर त्याला करारातली सवलत नाही. माल कुठून आला एवढंच पाहत नाहीत, तो मूळचा कुठला हे विचारतात. म्हणून तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मूळचा कुठला याचा दाखला. त्याला ‘आणखी एक कागद’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण सगळी सवलत त्यावरच टिकून असते.

तरीही फट राहतेच. भारत-श्रीलंका करार मार्च २००० मध्ये लागू झाला. पामतेलावर भारतात जबर ड्युटी, श्रीलंकेत कमी. मग तिथे पामतेल आणायचं, त्याचं वनस्पती तूप करायचं आणि ते श्रीलंकेचा माल म्हणून शून्य ड्युटीने भारतात पाठवायचं, यासाठी कारखानेच उभे राहिले. अखेर भारताला वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालावी लागली. दोघांची बाहेरची ड्युटी एकच असती, तर या धंद्यात कमाईच उरली नसती.

मग सीमाशुल्क संघच करावा का? माझं ठाम उत्तर, भारताने करू नये. तुर्कस्तान ३१ डिसेंबर १९९५ पासून औद्योगिक मालापुरता युरोपशी असा बांधलेला आहे. युरोपने तिसऱ्या देशाशी करार केला की त्याचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात बिनड्युटी पोचतो. तुर्की मालाला मात्र तिकडे ती सवलत आपोआप मिळत नाही. आपण सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीनचे भाव पडलेले असताना खाद्यतेलाची ड्युटी वाढवली आणि मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची पुन्हा कमी केली. संघात असतो तर दोन्ही वेळा आधी भागीदारांना राजी करावं लागलं असतं, आणि तोवर लातूरच्या शेतकऱ्याचं सोयाबीन विकून झालं असतं.