ज्वारीचं ताट आणि लेकराची मान

पुतण्याच्या लेकराचं जावळ होतं. जालन्याहून तुळजापूरला निघायचं म्हणून त्यानं गाडीच्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधली, तीही मागच्या काचेकडे तोंड करून. वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकराला असं उलटं कामून बसवलं रे? नऊ महिन्यांचं झालंय, बसतंय आता. पाय कसे मुडपलेत बघ त्याचे." पुतण्या लगेच खुर्ची फिरवायला लागला, तेव्हा मी आडवा आलो.

सुगीत आलेलं ज्वारीचं ताट डोळ्यांसमोर आणा. वर दाणेदार, जड कणीस आणि खाली बारीक कांडी. ताट मुठीत उभं धरून एकदम मागं ओढलं की कणीस पुढं झुकतं आणि मानेपाशी कांडी पिचकते. तेच ताट कणसासकट उभ्या फळीला टेकवून फळीच पुढं ढकलली, तर काहीच होत नाही.

लेकरू म्हणजे असंच ताट. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाचं असतं, नवजात बाळाचं मात्र चौथ्या. नऊ महिन्यांच्या, नऊ किलोच्या लेकराच्या डोक्याचंच वजन साधारण सव्वादोन किलो भरतं. ते ज्या मानेवर उभं असतं, तिचे मणकेही अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. एकेक मणका हाडाच्या तीन तुकड्यांचा, मध्ये कूर्चेनं, म्हणजे मऊ हाडानं, जोडलेला. हे तुकडे एकजीव व्हायला वयाची तीन ते सहा वर्षं लागतात. हाडं एकमेकांना बांधणारे अस्थिबंधही सैल. त्यामुळे ओढ बसली की पाठीचा कणा रबरासारखा ताणतो, पण आतला मेरुरज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली येणारी मज्जातंतूंची दोरी, तेवढा ताणत नाही.

आता थोडं गणित. गाडी ताशी ५० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटरनं चाललीय आणि समोर धडकून ०.१ सेकंदात थांबली. मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, झालं १४० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे १४ पट. लेकरू मांडीवर असेल, तर आईला त्या क्षणी सव्वाशे किलो धरून ठेवावे लागतील. सव्वा क्विंटल सोयाबीन दोन हातांत झेलण्यासारखंच ते. लेकरू समोर तोंड करून पट्ट्यांत बांधलेलं असेल, तर पट्टे धडाला धरतात, डोक्याला कुणीच धरत नाही. सव्वादोन किलोचं डोकं एकतीस किलोच्या ओढीनं पुढं जातं आणि तो सगळा ताण मानेवर येतो. शिवाय हा सरासरी आकडा आहे, क्षणभराचा कळस याहून वर असतो.

पाठमोरं बसवलं की समीकरणच बदलतं. मानेतला ताण म्हणजे डोक्याचं वस्तुमान गुणिले त्वरण, वजा खुर्चीच्या पाठीनं डोक्यावर दिलेलं बळ. डोकं, मान, पाठ एकदमच खुर्चीच्या कवचावर टेकतात आणि एकाच वेगानं मंदावतात. म्हणून वजा होणारी ती रक्कम जवळजवळ पहिल्या रकमेएवढी भरते. (डोक्याचा भुगा झाला असेल, तर परत ज्वारीकडे जा.) स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात अशी खुर्ची घडवली, ती अमेरिकेच्या जेमिनी यानात पाठीवर जोर घेणाऱ्या अंतराळवीरांची आसनं पाहून. स्वीडनमध्ये आजही चार वर्षांपर्यंत लेकरं पाठमोरीच बसवतात.

पायांचं म्हणाल, तर आपण जन्मभर मांडी घालूनच जेवतो.

खुर्ची घेताना भारताचं एआयएस-०७२ किंवा संयुक्त राष्ट्रांची आर४४, आर१२९ यांपैकी एका मानकाची खूण बघा आणि लेकराचं वजन-उंची त्यात बसते का ते तपासा. अपघातातून गेलेली खुर्ची फुकट मिळाली तरी नको. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे खुर्ची थेट गाडीला अडकवायचे, हूक असतील तर उत्तम. नसतील, तर पट्टा खुर्चीवरच्या निळ्या खुणांतून न्यायचा (लाल खुणा पुढं तोंड असलेल्या मांडणीच्या) आणि खुर्चीवर गुडघा देऊन आवळायचा. पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवलं, तर अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलायला नको. काही गाड्यांचा पट्टा पुरतच नाही, म्हणून आधी आपल्याच गाडीत लावून बघा. समोर एअरबॅग असेल त्या सीटवर पाठमोरी खुर्ची कधीच नाही. ती फुगते सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात, आणि थेट कवचाच्या पाठीवर.

पुतण्याच्या बंपरला मात्र लिंबू-मिरची होती. लिंबानं मंदन कमी होत नाही. 'पाच स्टार गाडी आहे' हेही तसंच. हे स्टार देणाऱ्या भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत मुलांचे गुण ठरतात ते खुर्चीत नीट बांधलेल्या दीड आणि तीन वर्षांच्या बाहुल्यांवरून, मांडीवरच्या लेकरावरून नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत कलम १९४ब आलं, चौदा वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तर हजार रुपये दंड. रस्त्यात कुणी तो मागितलेला मी तरी पाहिला नाही.

अंगण उताराचं होतं. खुर्चीचा कोन दाखवणारा बुडबुडा तिथं खोटा बोलत होता, म्हणून गाडी रस्त्यावर सपाटीला घेतली आणि कोन पुन्हा लावला. कोन उभा राहिला असता, तर झोपेत हनुवटी छातीला टेकून श्वास अडायची भीती होती. एप्रिलचं ऊन होतं, बकल हाताला चटका देत होतं. वहिनींनी पांढऱ्या धोतराचा तुकडा आणून खुर्चीवर टाकला, बकल गार झालं तेव्हा लेकराला बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. बीडहून त्यांचा फोन आला, "झोपलंय. मान एकीकडं पडलीय, चालतंय का?" म्हटलं, छातीवर पडली नाही ना? मग चालतंय.