क्लिंगॉनमध्ये शब्द कसेही ठेवले तरी चालतात?

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेसाठी रचलेली क्लिंगॉन भाषा म्हणजे नुसते घशातले आवाज, शब्द कसेही मांडा, असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं नाही.

तिच्यात कर्म आधी, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ‘पुक लेघ याष’ म्हणजे अधिकारी मुलाला पाहतो. पुक आणि याष यांची अदलाबदल करा, आता मूल अधिकाऱ्याला पाहतं. आपल्या ‘ला’सारखा कर्मदर्शक प्रत्यय तिथे नाही, म्हणून सगळी मदार क्रमावरच.

स्थळासाठी मात्र ‘-डाक’ आहे. ‘पा’ म्हणजे खोली. ‘पाडाक पुक लेघ याष’, अधिकारी मुलाला खोलीत पाहतो. डाक काढला की ‘पा पुक’ जोडून ‘खोलीचं मूल’ होतं! किती नेमकी रचना आहे ही. पडताळायचं तर 1985 साली छापलेल्या क्लिंगॉन शब्दकोशातला व्याकरणाचा भाग उघडा.