कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा (शिक्षणशास्त्र)

अमेरिकी विद्यापीठांत शिक्षणशास्त्रात पीएच.डी. किंवा एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) करणाऱ्यांना वर्गातला अभ्यासक्रम संपल्यावर आणि प्रबंधाला हात घालण्यापूर्वी बहुधा द्यावी लागणारी परीक्षा. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ती ‘कॉम्प्स’. ती पार पडली की विद्यार्थी ‘कॅन्डिडेट’, म्हणजे प्रबंधाला पात्र होतो. मग प्रबंध रेंगाळला तर ‘ए.बी.डी.’ (ऑल बट डिसर्टेशन, प्रबंध सोडून सारे झालेला) हे बिरुद वर्षानुवर्षे चिकटून राहते.

स्वरूप विभागागणिक बदलते. कुठे काही तासांचा बंदिस्त पेपर, कुठे घरी बसून ठरावीक मुदतीत लिहायचे दीर्घ निबंध, कुठे लेखांचा पोर्टफोलिओ. मागाहून अनेकदा तोंडी परीक्षा. नापास झाल्यास सहसा आणखी एक संधी मिळते. महाराष्ट्रात पीएच.डी.ची चाळणी प्रामुख्याने प्रवेशाच्या दारात, पेट, नेट वा सेट या परीक्षांनी लागते. अमेरिकेत ती मधल्या टप्प्यावरही आहे.

तयारीची सुरुवात वाचनयादीपासून होते. पुष्कळ विभागांत ती मार्गदर्शक समितीशी बोलून ठरते, म्हणजे परीक्षक कोण आणि त्यांचा रोख काय याचा अंदाज आधीच असतो. तरीही ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करण्याची आपल्याकडची सवय इथे फारशी कामी येत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचेच पाहा. थॉर्नडाइक १८९९ पासून न्यूयॉर्कच्या, कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजात होते, ड्यूई १९०४ मध्ये कोलंबियात आले. (डॉ. आंबेडकर तिथे शिकले तेव्हा ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते.) थॉर्नडाइकांचा भर शिकण्याच्या मोजमापावर, ड्यूईंचा अनुभवावर आणि लोकशाहीवर. दोघांची स्वतंत्र टिपणे काढलेला विद्यार्थी ‘प्रमाणित चाचण्यांनी शिकणे कळते का?’ या प्रश्नापुढे अडखळतो. दोघांना समोरासमोर बसवून, त्यात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की किंवा ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ फ्रेरी कोणाच्या बाजूने बोलले असते हे ठरवून, मग स्वतःचे मत मांडणारा तरून जातो. म्हणून पुस्तकवार टिपणांपेक्षा वादवार टिपणे उपयोगी. संशोधनपद्धतीच्या प्रश्नातही व्याख्यांपेक्षा निवडीचे समर्थन अधिक तपासले जाते: मुलाखतीच का, सर्वेक्षण का नाही?

घड्याळ लावून उत्तरे लिहून पाहणे आणि सहाध्यायांसमोर तोंडी सराव करणे, या दोन गोष्टी बहुतेक जण पुढे ढकलतात. वाचनयादी मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत फुगतच राहते. नवी पुस्तके वाचायला घेणे परीक्षेच्या बऱ्याच आधी थांबवलेले बरे; यादीतला एखादा ग्रंथ वाचायचा राहिल्याने सहसा कोणी नापास होत नाही.