रिस्टोअर केलेली मसल कार अमेरिकेत ऑनलाइन घेताना : व्हिन, टायटल आणि डीएमव्हीची कागदपत्रं

१९७० ची शेव्हरले शेव्हेल एसएस ३९६, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार. लाल रंग, बॉनेटवर काळे पट्टे, 'फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन' (बॉडी चासीवरून उतरवून केलेलं काम), आणि जाहिरातीत ढीगभर फोटो. एडिसन, फ्रीमॉन्ट किंवा डॅलसमध्ये बसून बोली लावायचा मोह झाला, तर किमतीआधी एक प्रश्न सोडवायचा असतो: ही गाडी कागदोपत्री माझ्या नावावर होईल का? रिस्टोअर न केलेल्या गाडीवर तिचा इतिहास डोळ्यांना दिसतो. रिस्टोअर केलेल्या गाडीवरचा बराचसा पुरावा रंगाखाली गेलेला असतो, म्हणून इथे कागद जास्त तपासायचे. व्हिन म्हणजे गाडीचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक, टायटल म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, आणि डीएमव्ही म्हणजे राज्याचं वाहन नोंदणी खातं.

कोण घेऊ शकतं?

टायटल नावावर व्हायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. एच-वन-बी वर असणाऱ्यालाही मिळतं. ओळखपत्र, राज्यातला पत्ता आणि विमा हवा. खरी चाळणी विम्याची. हॅगर्टीसारख्या कंपन्या 'ॲग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी देतात, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते. त्या बदल्यात त्यांना सहसा रोजच्या वापराची दुसरी गाडी, बंद गॅरेज आणि बऱ्यापैकी स्वच्छ ड्रायव्हिंग रेकॉर्ड हवं असतं. गाडी अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये राहणार असेल तर आधी त्यांना फोन करा.

व्हिन नंबर काय सांगतो आणि काय लपवतो

१७ अक्षरांचा व्हिन १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे कारफॅक्सचा (गाडीचा इतिहास देणाऱ्या सेवेचा) रिपोर्ट इथे मिळत नाही. नंबर स्वतःच वाचायला लागतो.

१९७० च्या शेव्हेलचा नंबर १३६३७०बी असा सुरू झाला तर १ म्हणजे शेव्हरले, ३६ म्हणजे व्ही-८ मालिबू (शेव्हेलचाच एक प्रकार), ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूपे, ० म्हणजे १९७० आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. पुढचे सहा आकडे क्रमांकाचे. यात 'एसएस' (सुपर स्पोर्ट, शेव्हेलची दमदार आवृत्ती) कुठे आहे? कुठेच नाही. १९६६ ते १९६८ मध्ये एसएस ३९६ ही वेगळी मालिका होती आणि नंबर १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून ते एक पॅकेज झालं. म्हणजे साध्या मालिबूला एसएसचं बॉनेट, ग्रिल आणि बिल्ले लावले की नंबरावरून कोणी पकडू शकत नाही. अशा गाडीला 'क्लोन' किंवा 'ट्रिब्यूट' म्हणतात. माझ्या मते चालवायची हौस असेल तर क्लोन उत्तम. फक्त पैसे क्लोनचे द्या.

अस्सल एसएस असल्याचा पुरावा म्हणजे कारखान्याची बिल्ड शीट (गाडीत काय बसवायचं त्याची यादी), मूळ विंडो स्टिकर किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीची धातूची पट्टी). इतर कंपन्यांचं थोडं सोपं आहे. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट विकत मिळतो, पॉन्टिअॅकसाठी पीएचएस (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) चे कागद. प्लिमथमध्ये तर पाचवं अक्षरच इंजिन सांगतं: १९७० च्या कूडाचा नंबर बीएस२३आर असा सुरू झाला तर ती ४२६ हेमी इंजिन घेऊन कारखान्यातून निघालेली आहे.

'मॅचिंग नंबर्स' (इंजिन त्याच गाडीचं मूळचं) असा दावा असेल तर इंजिनाच्या स्टॅम्प पॅडचा जवळून काढलेला फोटो मागा. शेव्हीच्या व्ही-८ मध्ये हा पॅड पुढच्या बाजूला, पॅसेंजरच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या पुढ्यात असतो. त्यावर गाडीच्या व्हिनचा तुकडा ठोकलेला असतो, आणि मूळ पृष्ठभागावर ब्रोचिंगच्या (कारखान्यात धातू कापल्याच्या) बारीक समांतर रेषा दिसतात. इंजिन बांधताना ब्लॉक वरून घासला असेल तर आकडे जातात. मग कोणीतरी नवे ठोकतो. आकडे ठळक आणि पॅड मात्र गुळगुळीत दिसला, तर संशय घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. कॅन्ससमधल्या एका माणसाने इंडियानातल्या डीलरकडून रिस्टोअर केलेली १९५९ ची कॉर्व्हेट सुमारे ५०,००० डॉलरना घेतली. २०१७ मध्ये टायटलसाठी तपासणीला नेली, तेव्हा व्हिनची पट्टी (नंबर असलेला छोटा पत्रा) रिस्टोरेशनच्या वेळी काढून परत बसवलेली आढळली. राज्याने गाडी जप्त केली. माणूस निर्दोष हे राज्यालाही मान्य होतं, पण कायद्यानुसार ती नष्ट करायची होती. २०२२ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये त्याला गाडी परत मिळाली, तीही खराब होऊन.

म्हणून पट्टीचा फोटो रिव्हेटसकट मागवा. साठच्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्सने फुलाच्या आकाराच्या डोक्याचे रिव्हेट वापरले. साधे पॉप रिव्हेट किंवा स्क्रू दिसले तर विक्रेत्याला विचारा, आणि पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या डीएमव्हीलाही विचारा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर मी त्या गाडीचा नाद सोडेन.

विक्रेत्याकडून घ्यायचे कागद

टायटलच्या दोन्ही बाजूंचे फोटो. त्यावरचा व्हिन पट्टीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे आणि मालकाचं नाव विकणाऱ्याचंच पाहिजे. मध्ये कोणी स्वतःच्या नावावर न करता पुढे विकली असेल तर त्याला 'टायटल जंपिंग' म्हणतात, आणि काउंटरवर तुमचा अर्ज तिथेच अडकतो. कर्ज असेल तर लीन रिलीज (कर्ज फिटल्याचा कागद). सहीत खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या पावतीवर) तारीख, किंमत, व्हिन आणि दोघांच्या सह्या.

काही राज्यांत जुन्या गाडीला टायटलच नसतं. जॉर्जियात १९८५ आणि त्याआधीच्या मॉडेलला, न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या. तिथे जुनं रजिस्ट्रेशन आणि बिल ऑफ सेल हाच मालकीचा पुरावा. तुमचं राज्य तेवढ्यावर टायटल देतं का, ते आधी विचारा. पूर्वी लोक टायटल नसलेल्या गाडीचं व्हर्मॉन्टमधून टपालाने रजिस्ट्रेशन करून घ्यायचे. २०२३ मध्ये ती पळवाट बंद झाली.

'फक्त ६२,००० मैल' याला फार किंमत देऊ नका. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलला ओडोमीटर जाहीर करण्यातून सूट आहे, आणि या गाड्यांचा मीटर पाच आकडी, लाखानंतर पुन्हा शून्यावर येणारा.

अर्ज

कॅलिफोर्नियात रेग ३४३ हा मुख्य अर्ज. बाहेरच्या राज्यातली गाडी असल्यामुळे व्हिनची प्रत्यक्ष पडताळणी लागते, ती रेग ३१ वर होते: डीएमव्ही कर्मचारी, पोलीस किंवा परवानाधारक व्हेरिफायर करतो. पट्टीत गडबड असेल तर प्रकरण हायवे पेट्रोलकडे जातं. गाडी राज्यात आल्यापासून २० दिवसांत फी भरायची. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाडीला स्मॉग तपासणी नाही. यूज टॅक्स (राज्याबाहेरून घेतलेल्या वस्तूवरचा कर) किमान ७.२५ टक्के, वर स्थानिक कर; बजेटमध्ये हा आकडा बहुतेक जण विसरतात.

न्यू जर्सीत १० कामकाजाच्या दिवसांत टायटल बदलायचं, कर ६.६२५ टक्के. २५ वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, पण ती प्रदर्शन वगैरेसाठी, ऑफिसला जायला नाही. टेक्सासमध्ये काउंटी टॅक्स ऑफिसात १३०-यू फॉर्म, ३० दिवसांच्या आत, कर ६.२५ टक्के.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याच्या ओळखीचा नसलेला, त्याच शहरातला तपासनीस नेमा. त्याने गाडी लिफ्टवर घ्यावी, रंगाची जाडी मोजावी, डिकीचा तळ, फ्रेम आणि मागच्या चाकांवरचा पत्रा बघावा. पुट्टी बहुधा तिथेच निघते. रिस्टोरेशनचे फोटो उघड्या पत्र्याच्या अवस्थेतले हवेत आणि पावत्या हव्यात. चकाचक झाल्यानंतरच्या फोटोंवरून काही ठरवता येत नाही. लिलाव साइट खरेदीदाराकडून वेगळी फी घेते, तीही हिशेबात धरा. रक्कम एस्क्रोमधून (व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या संस्थेमार्फत) द्या.

पुढेमागे महाराष्ट्रात न्यायची असेल तर

आयातीची परवानगी आणि सीमाशुल्क हा परदेशी व्यापार महासंचालनालय आणि कस्टम्सचा प्रांत. जहाजाचं बुकिंग करण्याआधी चालू नियम लेखी मिळवा. नोंदणीचे नियम २०२१ पासून स्पष्ट आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. फॉर्म २०, विमा, कस्टम्सची बिल ऑफ एंट्री आणि २०,००० रुपये फी. नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरण ५,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

त्याच नियमात गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. म्हणजे जुन्या शेव्हेलमध्ये आधुनिक एलएस इंजिन घातलेली 'रेस्टोमॉड' अमेरिकेत मजेत चालवाल, पण आरटीओत व्हिंटेजच्या व्याख्येतच बसणार नाही. परतीचा विचार असेल तर जाहिरातीतलं 'अपग्रेडेड' हे विशेषण नीट वाचा.