नॉर्मन पॉगसन

नॉर्मन रॉबर्ट पॉगसन (१८२९–१८९१) हा खगोलशास्त्रज्ञ मूळचा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. एकूण ८ लघुग्रह शोधले, ३ ऑक्सफर्डहून आणि ५ आपल्या मद्रासहून. १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत आला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला ६७ नंबरचा लघुग्रह सापडला, आशियातून सापडलेला पहिलाच, म्हणून नाव एशिया. व्यास साधारण ५८ किमी, म्हणजे पेडणे ते काणकोण सरळ रेघ मारली तर अर्ध्या गोव्याहून थोडा जास्त.

तेव्हा हे काम फोटोवर होत नसे. दुर्बिणीला डोळा लावायचा, आभाळाच्या एका तुकड्यातले ठिपके नकाशाशी ताडून बघायचे, नकाशात नसलेला ठिपका दिसला की दुसऱ्या रात्री परत तिथंच बघायचं, जागेवरून सरकला असेल तर तो तारा नव्हे. फोटोवरून पहिला लघुग्रह माक्स वोल्फने पकडला तो डिसेंबर १८९१ मध्ये, आणि पॉगसन त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासलाच वारला.

एशियानंतर सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८), मग मोठा गॅप आणि व्हेरा (१८८५). एशिया, सॅफो, सिल्व्हिया हे तीन एप्रिल-मेमधले, घामाने जीव नकोसा होतो ते दिवस, पण पावसाआधीचे. कॅमिला मात्र नोव्हेंबरातला, तेव्हा आपल्याकडे पाऊस जाऊन आभाळ निवळलेलं असतं पण मद्रासला ऐन पावसाळा, त्या रात्री उघाड कशी मिळाली देव जाणे.

माझ्या मते त्याचं मोठं काम लघुग्रह नव्हे, ताऱ्यांच्या प्रतीचं माप (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). १८५६ मध्ये त्याने सुचवलं की ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट, एका प्रतीला साधारण २.५१२ पट. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर दुर्बिणीतून ज्यांनी आभाळ बघितलंय त्यांच्या कानावर 'प्रत' हा शब्द पडलेला असतोच. मिरामारच्या दिव्यांत जेमतेम तिसऱ्या प्रतीचे तारे दिसत असतील आणि सत्तरीच्या एखाद्या काळोख्या गावात पाचव्या प्रतीचे, तर तिथे सहापट मंद तारा दिसतोय, हा हिशोब पॉगसनचाच.

मद्रासचा त्याचा असिस्टंट चिंतामणी रघुनाथाचारी याने १८६७ मध्ये एक रूपविकारी (तेज कमी-जास्त होत राहणारा) तारा शोधला. मुलगी आयसिस पण वेधशाळेत काम करायची, बापाच्या पहिल्या लघुग्रहाचं (नंबर ४२) नावही आयसिसच. १८८६ मध्ये बापाने रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोशिपसाठी तिचं नाव सुचवलं, बाई म्हणून ते बारगळलं, फेलो झाली ती १९२० मध्ये.