पूरजोखीम मूल्यांकन (भीमा-सीना खोरे, सोलापूर जिल्हा)

पूर आल्यास कोणत्या वस्तीचे, तेथील कोणत्या लोकांचे व किती नुकसान होईल आणि त्यातून सावरायला त्यांना किती काळ लागेल, याचा पुराआधीच बांधलेला अभ्यासपूर्ण अंदाज म्हणजे पूरजोखीम मूल्यांकन. त्यात तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : पाणी किती खोल येईल, किती वेगाने येईल व किती दिवस राहील, त्याच्या वाटेत कोणती घरे, शेते, रस्ते व माणसे आहेत, आणि त्या माणसांची झळ सोसण्याची ताकद किती आहे. पहिल्या दोन बाबी मोजणे तुलनेने सोपे असते. तिसरीला असुरक्षितता म्हणतात, आणि बहुतेक मूल्यांकने तेथेच अपुरी पडतात.

असे मूल्यांकन किनारपट्टीसाठीही होते, पण तेथील निकष वेगळे असतात. भारतीय किनाऱ्यासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने केलेल्या, किनाऱ्याच्या भौतिक असुरक्षिततेच्या नकाशांत समुद्रपातळीतील वाढ, किनाऱ्याची उंची व उतार, भूरूप, किनारारेषेची झीज, लाटांची उंची आणि भरती-ओहोटीचा पल्ला यांचा विचार केलेला आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आणि समुद्राची भरती एकाच वेळी आल्याने शहर पाण्याखाली गेले. सोलापूरला समुद्र नाही. येथे पुराची वेळ व उंची बव्हंशी धरणांच्या विसर्गावर, म्हणजे त्यांतून सोडलेल्या पाण्यावर, ठरते.

सोलापूर हा पर्जन्यछायेतील, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा जिल्हा आहे. दुष्काळी जिल्हा ही त्याची ओळख इतकी पक्की झाली आहे की, नदीकाठी घर बांधताना पुराचा विचार मागे पडतो. वास्तविक भीमेचे पाणी येते ते पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर व आसपासच्या घाटमाथ्यावरून. तेथील पावसाने दौंडजवळचा प्रवाह वाढतो, उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय भरतो आणि दरवाजे उघडावे लागतात. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्याच्या खाली नीरा नरसिंहपूरजवळ नीरा नदी भीमेला मिळते आणि नीरेवरील वीर धरणाचा विसर्गही येऊन मिसळतो. म्हणून पंढरपुरात आभाळ कोरडे असतानाही चंद्रभागा (भीमेचे तेथील नाव) वाळवंट गिळून पुंडलिकाच्या मंदिरापर्यंत चढू शकते. उजनी व वीर यांचे विसर्ग वेगवेगळे वाचून पंढरपूरची जोखीम कळत नाही. दोन्ही लाटा संगमावर एकाच वेळी पोहोचतात की मागेपुढे, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कोठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषा, आखतो. निळ्या रेषेसाठी सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर गृहीत धरतात, तर लाल रेषेसाठी १०० वर्षांतून एकदा येणारा. या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज होतो. ‘शंभर वर्षांचा पूर’ येऊन गेला की पुढची पिढी सुटली, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तो पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. म्हणजे तीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आणि २५ वर्षांचा पूर गाठण्याची सुमारे ७० टक्के ठरते. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेत हे आकडे सांगितले गेले पाहिजेत.

पूररेषेच्या आत सर्वांची स्थिती सारखी नसते. प्रत्यक्ष पाहणीत भिंतीवरची गाळाची खूण आणि घराच्या जोत्याची उंची मोजतात, जुन्या माणसांना ‘पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला लागले होते’ हे विचारतात व ती पायरी लेव्हल यंत्राने समुद्रसपाटीच्या उंचीशी जोडून घेतात. नोंद नसलेल्या गावात हीच सर्वांत विश्वासार्ह मोजपट्टी असते. पण त्याच घरात धान्य कोठे ठेवतात, रेशनकार्ड व सातबारा कोठे असतो, अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, जनावरांना दावे सोडून न्यायची उंच जागा किती लांब आहे, हे प्रश्न विचारायचे राहून गेले तर नकाशा अर्धाच राहतो. पंढरपूरच्या व्यासनारायण झोपडपट्टीतील मजुराचे कुटुंब आणि दुमजली घराचा मालक यांच्या दारात पाणी एकाच उंचीचे असले, तरी वरचा मजला, बचत व भाड्याची दुसरी खोली यांमुळे परिणाम निराळा होतो. वारीच्या दिवसांत तर वाळवंटात व पैलतीरावरच्या तळावर परगावची माणसे असतात. त्यांची नोंद कोणत्याही जनगणनेत सापडत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगणमार्गे सोलापूरवर आला. उजनी आधीच भरलेले होते आणि पाऊस जिल्ह्यातच कोसळला. त्या वेळी पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जण दगावले. पाण्याच्या खोलीच्या नकाशात असा धोका दिसत नाही. त्यासाठी घाट, भिंती व जुन्या इमारती यांचीही पाहणी लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाळी सीनेची होती. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडणाऱ्या या नदीला वरच्या भागातील अतिवृष्टी व सीना-कोळेगावसारख्या प्रकल्पांच्या विसर्गाने असा पूर आला की, माढा, मोहोळ व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावांना वेढा पडला आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. भीमेवर जितके लक्ष असते तितके सीनेवर नव्हते, हे मान्य करायला हवे.

या पुरांनंतर खरवडून गेलेल्या जमिनीचा प्रश्न सर्वांत लांबतो. पीक गेले तर पुढचा हंगाम मिळतो. पण काळी माती वाहून मुरूम उघडा पडला, विहीर गाळाने बुजली, मोटार व पाइपलाइन गेली की शेतकऱ्याला अनेक वर्षे मागे जावे लागते. पंचनाम्यात पिकाचे क्षेत्र नोंदले जाते, मातीची गेलेली जाडी क्वचितच. खंडाने किंवा वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारे व ऊसतोड मजूर यांच्या नावावर जमीनच नसल्याने त्यांचे नुकसान बऱ्याचदा कागदावर येत नाही. त्यामुळे गावपातळीवरील मूल्यांकनात सातबाऱ्यासोबत प्रत्यक्ष कसणाऱ्यांची वेगळी यादी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवणे आणि ती तलाठी व पोलीस पाटील या दोघांकडे असणे आवश्यक असते.